हरकतीची मुदत दहा दिवस

नाशिकच्या कोणत्याही स्थानिक दैनिकाची आतली पानं चाळा. ‘जाहीर नोटीस’ या मथळ्याखालच्या चौकटी दाटीवाटीनं बसलेल्या असतात. आडगाव शिवारातला एखादा गट, इंदिरानगरमधला फ्लॅट, गंगापूर रोडवरचा गाळा. आमच्या अशिलांनी सदर मिळकत खरेदी करण्याचं ठरवलं आहे, कोणाचा हक्क वा हितसंबंध असल्यास १४ दिवसांच्या आत लेखी पुराव्यासह कळवावं, अन्यथा कोणाचीही हरकत नाही असं समजून व्यवहार पूर्ण करण्यात येईल. वकीलसाहेब काही गावभर फिरून सह्या गोळा करत नाहीत. मुदत दिली, पुरावा मागितला, कोणी बोललं नाही, काम पुढे.

संगणकाची एक आख्खी ऑपरेटिंग सिस्टीम रोज याच रीतीनं चालते. तिचं नाव डेबियन, लिनक्स कुटुंबातली एक. १९९३ साली इयान मर्डॉक या विद्यार्थ्यानं ती सुरू केली. आज उबुंटू ही दुसरी ऑपरेटिंग सिस्टीम तिच्यावर उभी आहे, आपल्या सी-डॅकचं ‘बॉस लिनक्स’ही. २०२३ साली आलेल्या तिच्या बाराव्या आवृत्तीत ६४ हजारांहून जास्त पॅकेजेस (बसवायला तयार बांधलेले प्रोग्रॅम) होती आणि ती सांभाळणारे अधिकृत डेव्हलपर जगभरात मिळून साधारण हजार. कंपनी नाही, मालक नाही, हजेरीपट नाही. मग एखादा प्रोग्रॅम घ्यायचा की वगळायचा, कुठला फाँट आधी दिसणार, हे ठरवतं कोण?

‘ज्याच्या हाती ससा तो पारधी’, हे उत्तर जवळजवळ शब्दशः खरं आहे. डेबियनची स्वतःची राज्यघटना आहे, १९९८ सालची. तिच्यानुसार प्रत्येक डेव्हलपर आपापल्या कामाबद्दलचे निर्णय स्वतः घेतो. दरवर्षी निवडून येणारा प्रकल्पप्रमुखसुद्धा मेंटेनरचा, म्हणजे पॅकेज सांभाळणाऱ्याचा, तांत्रिक निर्णय फिरवू शकत नाही. त्याच घटनेत आणखी एक कलम आहे: कोणावरही काम करण्याची सक्ती नाही. ठरलेलं काम नको असेल तर करू नका, फक्त ठरलेल्याच्या आड येऊ नका. मला हे कलम सगळ्यांत शहाणपणाचं वाटतं. बिनपगारी माणसाला हुकूम देता येत नाही, हे मान्य करूनच बाकीची व्यवस्था रचली आहे.

याचा अर्थ किती दूरवर जातो ते पाहा. डेबियन बसवताना वापरणाऱ्यानं काही वेगळं निवडलं नाही, तर समोर कुठला डेस्कटॉप, म्हणजे खिडक्या-मेन्यूंचा पडदा, यावा? हा प्रश्न लाखो पडद्यांचा. पण तांत्रिकदृष्ट्या ते उत्तर ‘टास्कसेल’ नावाच्या एका छोट्या पॅकेजात लिहिलेलं असतं. साहजिकच तो त्या पॅकेजच्या मेंटेनरचा निर्णय. नोव्हेंबर २०१३ मध्ये तिथे ग्नोमऐवजी एक्सएफसीई हा हलका डेस्कटॉप आला. मतदान झालं नाही. मात्र बदल करतानाच त्याचा फेरविचार होणार हे सांगून ठेवलेलं होतं. पुढची आवृत्ती गोठवण्याआधी, म्हणजे तिच्यातले बदल थांबवण्याआधी, सप्टेंबर २०१४ मध्ये, ग्नोम परत आलं. दृष्टिहीन आणि इतर अपंग वापरकर्त्यांसाठीच्या सोयी ग्नोममध्ये अधिक तयार होत्या, हे त्यातलं एक मोठं कारण. मागे घेता येईल असा निर्णय स्वस्त असतो. तो एकट्यानं घेतला तरी फारसं बिघडत नाही.

मेंटेनर आजारी पडला, परीक्षेत अडकला किंवा नुसताच कंटाळला तर? तेव्हा दुसरा डेव्हलपर त्याच्या पॅकेजमध्ये दुरुस्ती करू शकतो, पण दुरुस्ती लगेच लागू होत नाही. ती एका थांबा-रांगेत बसते. प्रघात असा: आठवड्याहून जुनी गंभीर चूक असेल तर २ दिवस, महत्त्वाची असेल तर ५, किरकोळ असेल तर १०. तेवढ्यात मेंटेनर ‘थांबा’ म्हणू शकतो. तो काहीच बोलला नाही, तर घड्याळच निर्णय घेतं. नव्या पॅकेजचंही तसंच. ते आधी ‘अनस्टेबल’ या कच्च्या शाखेत येतं आणि तिथे तातडीप्रमाणे २, ५ किंवा १० दिवसांत गंभीर तक्रार आली नाही, इतर अटीही जुळल्या, की यंत्र आपणहून त्याला ‘टेस्टिंग’ या पुढच्या शाखेत ढकलतं. फेडोरा या दुसऱ्या लिनक्समध्ये नऊ जणांची निवडून आलेली समिती आहे. तिथेही आठवडाभरात तीन होकार आले आणि एकही नकार नसला, तर बैठकीशिवाय प्रस्ताव मंजूर. अपाची या संस्थेच्या सॉफ्टवेअर प्रकल्पांत कोडमधला बदल एका नकारानं अडतो, पण नकारासोबत तांत्रिक कारण द्यावं लागतं. नुसतं ‘मला आवडलं नाही’ चालत नाही.

भांडणं होतातच. त्यासाठी डेबियनमध्ये जास्तीत जास्त आठ जणांची तांत्रिक समिती आहे. तिला एखाद्या मेंटेनरचा निर्णय उलटवायचा असेल तर साधं बहुमत पुरत नाही, तीनास एक लागतं. संगणक सुरू होताना बाकीचे प्रोग्रॅम उठवणारा पहिला प्रोग्रॅम कोणता असावा, या वादात फेब्रुवारी २०१४ मध्ये समिती चार-चार अशी दुभंगली आणि अध्यक्षांच्या निर्णायक मतानं ‘सिस्टिमडी’ आलं. कुरबुर थांबली नाही. नोव्हेंबरात त्याच विषयाच्या एका उपवादावर सर्व डेव्हलपरांचं मतदान झालं, आणि जिंकलेला पर्याय कोणता? ‘या विषयावर ठराव करण्याची गरज नाही.’ मत द्यायची गरज नव्हती, हे ठरवायला सगळ्यांनी मत दिलं! (पुणेकरांना हे सुचलं असतं, असं आमच्याकडे कोणीतरी म्हणेलच.)

या मतदानाचं गणित मोठं देखणं आहे. ठराव टिकायला किती पाठिंबा हवा, हे टक्केवारीत नाही, वर्गमुळात मोजतात. डेव्हलपरांच्या संख्येचं वर्गमूळ काढायचं, त्याच्या निम्म्याची तिप्पट करायची. हजार डेव्हलपर असतील तर वर्गमूळ ३१.६, निम्मं १५.८, तिप्पट ४७.४. म्हणजे किमान ४८ जणांनी तो पर्याय ‘यांपैकी काहीच नको’ याच्या वर ठेवायला हवा. डेव्हलपर अडीचशेच असते तर २४ पुरले असते. माणसं चौपट झाली की अट फक्त दुप्पट होते. संघटना वाढते तशी गप्प बसणाऱ्यांची गर्दीही वाढते. टक्क्यांची अट ठेवली असती, तर त्या गर्दीच्या ओझ्याखाली एकही ठराव पार पडला नसता.

मतं पसंतीक्रमानं देतात आणि पर्यायांची जोडीजोडीनं कुस्ती लावतात. समजा, नऊ मतदार आहेत. चौघांचा क्रम क, ग, ख; तिघांचा ख, ग, क; दोघांचा ग, ख, क. आपल्या नगरसेवकाच्या निवडणुकीसारखं फक्त पहिलं मत मोजलं तर चार मतांनी क जिंकतो. पण ग आणि क समोरासमोर आले तर पाच जण ग कडे आहेत, आणि ग विरुद्ध ख मध्ये सहा जण. पहिल्या मतांत शेवटी राहिलेला ग दोन्ही कुस्त्या मारतो. अठराव्या शतकात फ्रान्सच्या काँडोर्से यांनी हा विचार मांडला. जोड्यांचा निकाल गोल फिरला, म्हणजे क नं ख ला, ख नं ग ला आणि ग नं पुन्हा क ला हरवलं, तर काय करायचं, त्यासाठी मार्कुस शुल्झे यांची पद्धत डेबियननं २००३ पासून घेतली.

मला खटकतं ते दुसरीकडे. मौन म्हणजे संमती हे ठीक, पण मौनाची कारणं सारखी नसतात. चर्चा इंग्रजीत चालते. जागतिक वेळेनुसार संध्याकाळी पाचला बैठक ठेवली तर नाशकात रात्रीचे साडेदहा वाजलेले असतात. कोणती पॅकेजेस किती वापरात आहेत हे मोजणारा ‘पॉपकॉन’ डेबियनमध्ये आहे, पण तो आपण हो म्हटल्याशिवाय चालू होत नाही आणि आकडे इंटरनेटवरून पाठवतो. सिडकोतल्या एखाद्या क्लासमध्ये नेटशिवाय चालणारी जुनी यंत्रं त्या हिशेबात शून्य धरली जातात. त्यांनी हरकत घेतली नाही, असं म्हणणं जरा जास्तच होईल.

ग्नोमनं निदान भाषांतरकारांपुरता यावर इलाज केला आहे. त्याच्या आवृत्त्या मार्च आणि सप्टेंबरात येतात. त्याआधी पडद्यावरची वाक्यं गोठवतात. त्यानंतर मूळ वाक्यातला शब्द बदलायचा तर भाषांतर समन्वयकांची परवानगी लागते. कारण तिकडे एक ओळ बदलली की इकडे मराठीसकट सगळ्या भाषांत तिथे भोक पडतं. इथे उलटा नियम आहे: कोणी बोललं नाही, तर बदल होत नाही.

डेबियनमध्ये बग नोंदवायला खातंही उघडावं लागत नाही. पॅकेजचं नाव आणि आवृत्ती लिहून ईमेल पाठवला की तक्रारीला क्रमांक मिळतो. समजा, एखाद्या फाँटमध्ये ‘कुऱ्हाड’ नीट उमटत नाही. सात पायऱ्यांच्या गांभीर्यक्रमात ही तक्रार बहुधा खालच्या पायऱ्यांवरच बसेल. पण पंचवटीतल्या कुणी सोबत दुरुस्ती जोडली आणि तिच्यावर ‘पॅच’ अशी खूण लागली, तर जगातला कुठलाही डेबियन डेव्हलपर ती उचलून १० दिवसांच्या रांगेत टाकू शकतो. मग मेंटेनर गप्प राहिला, तरी चालतं.