ओपिऑइड तडजोडीचा पैसा: घरोघरी चेक येतो का?

जुना समज असा: वेदनाशामक ओपिऑइड गोळ्यांच्या खटल्यांत कंपन्यांनी अब्जावधी डॉलर मोजले, म्हणून व्यसनाने माणूस गमावलेल्या प्रत्येक अमेरिकन घराला राज्य सरकार चेक देतं.

असं वाटणं साहजिक आहे. नुकसान घरांचंच झालं. पण 2021 ची सुमारे 26 अब्ज डॉलरची मोठी तडजोड झाली ती राज्यं, काउंट्या (जिल्ह्यासारखे स्थानिक विभाग) आणि शहरांशी. पैसाही एकरकमी नाही, जास्तीत जास्त 18 वर्षं हप्त्यांनी. (दिवाळखोरीत गेलेल्या काही उत्पादकांच्या बाबतीत व्यक्तींच्या दाव्यांची वेगळी सोय न्यायालयामार्फत झाली. गल्लत बहुधा तिथेच होते.)

मग सरकार हवा तसा खर्च करतं? तसंही नाही. 1998 च्या तंबाखू कंपन्यांशी झालेल्या तडजोडीतला बराच पैसा भलतीकडेच गेला होता. म्हणून या वेळी किमान 85 टक्के रक्कम ओपिऑइड संकटाच्या निवारणालाच बांधली.

नॉर्थ कॅरोलिनाचंच बघा. 15 टक्के राज्याला, उरलेले स्थानिक सरकारांना. काउंटीने हा पैसा वेगळ्या निधीत ठेवायचा आणि खर्चाआधी ठराव करायचा: उपाय कोणता, रक्कम किती, मुदत किती. नालोक्सोनचा (ओपिऑइडच्या अतिसेवनावरचा उतारा) फवारा, उपचार, तुरुंगातून सुटलेल्यांना आधार, अशा कामांसाठी.

पडताळायचं तर काउंटी मंडळाच्या बैठकांची इतिवृत्तं उघडा आणि ‘ओपिऑइड’ शोधा. ठरावात रकमेसकट सगळं असतं. नियम कागदावर चोख असले तरी ठराव वाचणारे नागरिक थोडेच, ही खरी अडचण. आणि चेक मिळवून देतो म्हणून कुणी फी मागितली तर देऊ नका.