आंग्रियाचा मागचा जन्म

टोकियोच्या दक्षिणेला हजारेक किलोमीटरवर चिचिजिमा नावाचं बेट आहे. तिथे विमानतळ नाही. माणसं, भाजीपाला, टपाल, सगळं बोटीनेच येतं. बोट परत निघाली की गावातल्या होड्या तिच्या मागे लागतात, हात हलवत बरंच अंतर जातात आणि होड्यांतली पोरं निरोप म्हणून समुद्रात उड्या टाकतात. 2018 ते 2020 मुंबई-गोवा फेऱ्या करणारी ‘आंग्रिया’ ही मूळची त्या बेटाची बोट. शिमोनोसेकीच्या मित्सुबिशी गोदीत 1997 मध्ये बांधलेली, तेव्हाचं नाव ‘ओगासावारा मारू’. 2016 मध्ये त्याच नावाची नवी बोट आली आणि ही निवृत्त झाली.

बोटीची वाट बघणं म्हणजे काय, हे कोकणातल्या जुन्या माणसांना समजावून सांगावं लागत नाही. भाऊच्या धक्क्यावरून सुटलेली आगबोट हर्णै, दाभोळ, जयगड, रत्नागिरी, विजयदुर्ग, देवगड, मालवण, वेंगुर्ले अशी बंदरं घेत पणजीला जाई. बहुतेक ठिकाणी बोट धक्क्याला लागतच नसे. ती बाहेर नांगर टाकायची आणि उतारू पडावातून, म्हणजे होडीतून, जायचे. आमची आजी सांगायची, पडाव लाटेवर चढला की खलाशी मनगट धरून वर ओढायचा. तो क्षण हुकला तर पुढच्या लाटेपर्यंत थांबायचं. एका हातात पोर, दुसऱ्या हातात ट्रंक. बोट लागू नये म्हणून पदराला लिंबू बांधलेलं.

या प्रवासाला दुःखाची किनारही आहे. 17 जुलै 1947 रोजी, आषाढ अमावास्येला, रेवसला निघालेली ‘रामदास’ काशाच्या खडकाजवळ बुडाली आणि सहाशेहून अधिक माणसं गेली. आजही किनाऱ्यावरच्या कितीतरी घरांत ‘रामदास’चं नाव हळू आवाजात घेतलं जातं. पुढे रस्ते सुधारले, एसटी गावोगाव पोचली, बोटी एकेक करून बंद पडल्या. 1998 मध्ये कोकण रेल्वे पूर्ण मार्गावर धावू लागली.

त्यानंतर वीस वर्षांनी, ऑक्टोबर 2018 मध्ये, आंग्रिया आली. नाव सरखेल कान्होजी आंग्रे यांचं. विजयदुर्गसमोर शंभरेक किलोमीटरवर समुद्राखाली असलेल्या प्रवाळांच्या पठारालाही त्यांच्याच नावाने आंग्रिया बँक म्हणतात. लांबी 131 मीटर, ग्रॉस टनेज (जहाजाच्या आकारमानाचं माप) 6,700 च्या आसपास. तीनशे मीटरच्या परदेशी क्रूझपुढे ही मध्यमच. जपानमध्ये ती हजारभर उतारू घ्यायची. इथे 104 खोल्या आणि चारशेच्या आत प्रवासी. उरलेल्या जागेत पोहण्याचा तलाव, उपाहारगृहं, बार. ज्यांना खोली परवडायची नाही त्यांच्यासाठी एकावर एक बंक. दुपारी मुंबईहून सुटायची, दुसऱ्या दिवशी सकाळी मुरगावला.

मला या बोटीचं मनापासून कौतुक वाटतं. डेकवर उभं राहून कोकणची किनारपट्टी बघायला मिळणं ही मोठी गोष्ट आहे. पण एक खंत आहेच. चिचिजिमाला जी बोट गावाची होती, ती इथे रत्नागिरी, देवगड, मालवण रात्री मागे टाकून थेट गोव्याला जायची. वाटेत एकही बंदर घ्यायची नाही. 2020 च्या टाळेबंदीत तिच्या फेऱ्या थांबल्या, तोवर एकदाही कुठला पडाव तिच्या अंगाला लागला नव्हता.