निळा धूर म्हणजे इंजिन गेलं?

जुन्या गाडीने निळा धूर सोडला की ‘इंजिन गेलं, काम काढावं लागेल’ हे ठाण्यात कोणीही सांगतं. ऑइल जळतंय, एवढंच त्यातलं खरं. कुठून येतंय ते आधी शोधा. घोडबंदर रोडवरचा गायमुख घाट गिअरमध्येच, ॲक्सिलरेटर सोडून उतरा. खाली परत दाबल्यावर आरशात निळा भपका दिसला, तर संशय व्हॉल्व्ह सीलवर, म्हणजे व्हॉल्व्हच्या दांडीवरून ऑइल आत झिरपू न देणाऱ्या रबरी टोप्यांवर. त्यांचं रबर कडक झालेलं असतं. खर्च इंजिनकामापेक्षा बराच कमी. चढावर सतत धूर असेल तर मात्र पिस्टनभोवतालच्या रिंगा झिजल्या असाव्यात. पेट्रोल गाडीत कॉम्प्रेशन, म्हणजे सिलिंडरमधला दाब मोजा, स्पार्क प्लगच्या भोकातून चमचाभर ऑइल सोडून पुन्हा मोजा. आकडा वाढला तर रिंगाच. आणि इंजिनच्या पोटात साठणारे वायू बाहेर काढणारा पीसीव्ही व्हॉल्व्ह बघाच! तो चोंदला की आतला दाब वाढून नवी गॅस्केटही पाझरते.