टाकी निघाली, पेट्रोल मात्र जमिनीतच

पेट्रोल पंपाची जुनी टाकी उपसली, खड्डा बुजवला, शेजारच्या निरीक्षण विहिरीतल्या (भूजल तपासायला जमिनीत उभ्या बसवलेल्या, खाली जाळी असलेल्या पाइपातल्या) पाण्यावर तवंग नाही. मग जागा स्वच्छ झाली, असं अनेकांना वाटतं. पेट्रोल पाण्यापेक्षा हलकं, असतं तर वर तरंगताना दिसलंच असतं, हा त्यामागचा हिशेब. ग्लासात तो बरोबर आहे, मातीत मात्र चुकतो.

गळती पुष्कळदा पाइपांच्या सांध्यांतून किंवा टाकी भरण्याच्या तोंडाशी होते. म्हणून मातीचे नमुने टाकीच्या दोन्ही टोकांखालून, सांध्यांखालून आणि पंपाच्या यंत्राखालून घ्यायचे, तेही भरावातून नव्हे तर त्याखालच्या मूळ जमिनीतून. पेट्रोलमधला घातक घटक म्हणजे बेंझीन, आणि ते झटकन उडतं. माती पिशवीत कुस्करून भरली तर पुरावा वाटेतच हवेत जातो. सुमारे 5 ग्रॅम माती छोट्या सिरिंजने काढून लगेच मिथेनॉलच्या बाटलीत सोडायची.

खरी गंमत भूजलाच्या पातळीपाशी आहे. मातीच्या बारीक फटी केशाकर्षणाने पाणी पातळीच्याही वर ओढून धरतात. झिरपत आलेलं पेट्रोल या ओल्या पट्ट्यात येऊन अडतं. तिथे काही फटींत पाणी, काहींत पेट्रोल, त्यामुळे निखळ पेट्रोलचा असा थर होतच नाही. विहीर म्हणजे मात्र मोकळी पोकळी. तिथे केशाकर्षण नाही, म्हणून भोवतालचं पेट्रोल तिच्यात उतरतं आणि स्वतःच्या वजनाने पाणी खाली दाबतं. विहिरीत दिसणारी जाडी म्हणूनच फुगलेली असते.

समजा, इंटरफेस प्रोबला (पेट्रोल आणि पाणी किती खोलीवर लागतं ते सांगणाऱ्या, विहिरीत सोडायच्या उपकरणाला) 4.20 मीटरवर पेट्रोल लागलं आणि 4.60 मीटरवर पाणी. थर 0.40 मीटरचा. पेट्रोलची घनता पाण्याच्या सुमारे 0.75 पट, म्हणजे पाणी 0.30 मीटर दबलंय आणि खरी पातळी 4.30 मीटरवर आहे. प्रवाहाची दिशा काढायला एका रेषेत नसलेल्या किमान तीन विहिरी लागतात. त्यांतल्या पातळीची ही दुरुस्ती राहून गेली तर दिशाच चुकते आणि पुढची विहीर भलतीकडे खणली जाते.

पातळी चढली की पेट्रोलचे थेंब पाण्याखालच्या फटींत कोंडले जातात आणि विहिरीतला थर गायब होतो. पातळी उतरली की त्यातलं काही सुटतं, थर परत दिसतो. दर चढउतारात पेट्रोल मातीत वरपासून खालपर्यंत फासलं जातं. एकाच भेटीवर बेतलेल्या 'प्रदूषण नाही' अशा अहवालावर विश्वास ठेवू नये. पातळी सर्वांत वर आणि सर्वांत खाली असताना, दोन्ही वेळा मोजायला हवं. विहिरीच्या पाइपाचा जाळीचा भागही या दोन्ही पातळ्यांना पुरून उरेल इतका लांब हवा. जाळी पाण्यात पूर्ण बुडालेली असेल तर तरंगणारं पेट्रोल आत येणारच नाही.

कोंडलेले थेंब वर्षानुवर्षं पाण्यात बेंझीन सोडत राहतात. पिण्याच्या पाण्यासाठी जागतिक आरोग्य संघटनेची मार्गदर्शक मर्यादा लिटरमागे 10 मायक्रोग्रॅम आहे. इतकं बेंझीन नाकाला कळत नाही. पाण्याचा नमुना घेताना विहिरीतून पाणी उपसणारा पंप मिनिटाला अर्ध्या लिटरपेक्षा सावकाश चालवायचा आणि 40 मिलिलिटरची बाटली एकही बुडबुडा न ठेवता भरायची.

'आमची जिवाणूंची पावडर टाका, पेट्रोल फस्त' या जाहिरातींना भुलू नका. पेट्रोल खाणारे जिवाणू बहुतेक मातीत आधीपासूनच असतात, तुटवडा प्राणवायूचा असतो. 1 ग्रॅम बेंझीन पूर्ण संपवायला सुमारे 3 ग्रॅम प्राणवायू लागतो, आणि लिटरभर पाण्यात तो साधारण 8-9 मिलिग्रॅमच विरघळतो. तो संपला की जिवाणू नायट्रेट, लोह, सल्फेट यांच्यावर भागवतात, पण काम मंदावतं. म्हणून बेंझीनबरोबर हेही मोजतात. दूषित भागाच्या मधोमध प्राणवायू, नायट्रेट, सल्फेट घटलेले आणि विरघळलेलं लोह वाढलेलं दिसलं, तर जिवाणू कामाला लागलेत असं समजावं.