वेदीवरचा पांढरा, बाजारातला लाल-हिरवा

डिसेंबरचा दुसरा आठवडा उजाडला की जालना, छत्रपती संभाजीनगरच्या बाजारात लाल टोप्या आणि प्लास्टिकची हिरवी झाडे टांगलेली दिसू लागतात. नाताळच्या सकाळी कॅथलिक चर्चमध्ये गेल्यास मात्र वेदीवरचे वस्त्र आणि धर्मगुरूंचा झगा पांढरा असतो. या दोन रंगसंगतींचे मूळच वेगवेगळे आहे.

चर्चमधील रंगांची व्यवस्था मध्ययुगातील. पुढे ११९८ मध्ये पोप झालेल्या तिसऱ्या इनोसंट यांनी त्याआधीच रोममधील प्रथा लिहून ठेवली होती : ख्रिस्ताच्या सणांना पांढरा, हुतात्म्यांच्या दिवसांना लाल, एरवीच्या दिवसांना हिरवा आणि शोक-उपवासाला काळा. नाताळपूर्वीच्या आगमनकाळात आज जांभळा वापरतात, तो या काळ्याच्याच जागी रूढ झाला. पांढऱ्याचा अर्थ पावित्र्य आणि आनंद. मराठवाड्यात शेजारच्या घरी वधू हिरवा चुडा भरते, तर ख्रिस्ती वधू पांढरी साडी नेसते, त्यामागे पांढऱ्याचा हाच अर्थ आहे.

लाल-हिरव्याची जोडी उत्तर युरोपातील हिवाळ्याने घडवली. आपल्याकडे डिसेंबरात ज्वारी पोटरीत येते, हरभरा फुलू लागतो, त्यामुळे हिरव्याचे अप्रूप वाटत नाही. तिकडे बहुतेक झाडे निष्पर्ण झालेली असताना ज्यांचा पाला टिकतो, त्यांच्या फांद्या घरात आणल्या जात. त्यांत हॉलीला विशेष मान होता. तिची पाने करडईच्या पानांसारखी काटेरी, पण चकचकीत, आणि फळे लालभडक. काट्यांत ख्रिस्ताचा काटेरी मुकुट आणि फळांत त्याचे रक्त पाहण्याची रीत पुढे रुजली.

दुसरा धागा जर्मन प्रदेशातला आहे. २४ डिसेंबर हा तिथे आदाम आणि एवा यांचा दिवस मानला जाई. त्या दिवशीच्या नाटकात एदेन बागेतील वृक्ष म्हणून सूचिपर्णी झाड उभे करून त्याला लाल सफरचंदे बांधत. स्ट्रासबर्गच्या १६०५ च्या नोंदीत घरातील झाडावर सफरचंदे, रंगीत कागदाचे गुलाब, पातळ पापड्या, सोनेरी वर्ख आणि मिठाई असल्याचे म्हटले आहे. आजचे काचेचे लाल गोळे म्हणजे त्या सफरचंदांचेच वंशज म्हणायचे.

बंगल्यांच्या आवारात दिसणारे पॉइन्सेटिया मेक्सिकोचे. अमेरिकी राजदूत जोएल पॉइन्सेट यांनी १८२० च्या दशकात ते अमेरिकेत नेले. त्याचे लाल ‘फूल’ म्हणजे खरे तर पानेच. फुले मधोमध असलेली पिवळट, मण्याएवढी. रात्री मोठ्या झाल्या की ही पाने रंगतात, त्यामुळे नाताळशी त्यांचा मेळ आपोआप जमला.

सांताचा लाल वेश कोका-कोलाने शोधला, हे खरे नाही. कंपनीच्या प्रसिद्ध जाहिराती १९३१ पासूनच्या. अमेरिकी व्यंगचित्रकार टॉमस नास्ट यांनी रेखाटलेला गुबगुबीत सांता १८८१ चा. जुन्या शुभेच्छापत्रांवर तर तो हिरव्या नि निळ्या झग्यातही आढळतो.

चर्चमध्ये लाल येतो तो २६ डिसेंबरला, पहिले हुतात्मे संत स्तेफन यांच्या स्मरणदिनी. बाजारातल्या लाल टोप्या तोवर निम्म्या किमतीला निघालेल्या असतात.