अलीगढ आणि जामिया: एका गावातली दोन घरं

अलीगढ मुस्लिम विद्यापीठ आणि जामिया मिल्लिया इस्लामिया यांची अनेकांच्या मनात गल्लत होते. तशी ती व्हायला कारणही आहे. दोन्ही विद्यापीठांचं स्थापनावर्ष १९२०, आणि दोन्ही जन्मली अलीगढमध्येच. आज पहिलं तिथेच आहे, दुसरं दिल्लीत ओखल्याला. पण खरा फरक पत्त्याचा नाही. इंग्रज सरकारचा पैसा घ्यायचा की नाही, या एका प्रश्नावरून ही घरं वेगळी झाली.

थोरलं घर सर सय्यद अहमद खान यांचं. १८५७ नंतर उत्तरेतल्या मुसलमान घराण्यांची झालेली वाताहत त्यांनी जवळून पाहिली होती. इंग्रजी आणि विज्ञान शिकल्याशिवाय गत्यंतर नाही, हे त्यांचं ठाम मत. १८६९ मध्ये ते विलायतेला गेले, केंब्रिज पाहून आले आणि तसंच निवासी कॉलेज काढायचं त्यांच्या मनाने घेतलं. २४ मे १८७५ रोजी अलीगढला शाळा सुरू झाली. ८ जानेवारी १८७७ रोजी व्हाइसरॉय लॉर्ड लिटन यांनी मोहम्मडन अँग्लो-ओरिएंटल कॉलेजचा पाया घातला. नावात ‘मोहम्मडन’ असलं, तरी कॉलेजचे पहिले पदवीधर ईश्वरी प्रसाद हे हिंदू होते, आणि देणगीदारांतही हिंदू होते. हे विसरलं जातं, म्हणून मुद्दाम सांगतो.

सर सय्यद १८९८ मध्ये गेले. कॉलेजचं विद्यापीठ व्हावं यासाठी पुढे आगा खान यांनी पुढाकार घेऊन देशभर निधी जमवला. बोलणी मात्र वर्षानुवर्षं रेंगाळली, आणि तेवढ्यात असहकार आला.

ऑक्टोबर १९२० मध्ये गांधीजी आणि अली बंधू (मोहम्मद अली जौहर आणि शौकत अली) अलीगढला आले. सरकारी अनुदान नाकारा, असं त्यांनी विश्वस्तांना सांगितलं. विश्वस्तांनी ऐकलं नाही. मग काही विद्यार्थी आणि शिक्षक बाहेर पडले आणि २९ ऑक्टोबरला त्याच कॉलेजच्या मशिदीत जामियाची स्थापना झाली. स्थापना करणारे देवबंदचे धर्मपंडित मौलाना महमूद हसन इंग्रजांच्या माल्टामधल्या कैदेतून नुकतेच सुटले होते. ते इतके आजारी होते की त्यांचं भाषण दुसऱ्याने वाचून दाखवलं. महिनाभरातच ते वारले. सुरुवातीचे वर्ग कॉलेजच्या आसपास तंबूंत भरत. कुलगुरू झाले मोहम्मद अली जौहर, म्हणजे अलीगढचेच माजी विद्यार्थी. अलीगढ मुस्लिम विद्यापीठ रीतसर सुरू झालं ते त्यानंतर, डिसेंबरमध्ये. म्हणजे विद्यापीठ म्हणून जामियाच काही आठवड्यांनी थोरली!

मराठी वाचकाला हा फरक पुण्यावरून चटकन कळेल. गव्हर्नरचं नाव लावलेलं फर्ग्युसन १८८५ मधलं, तर टिळक महाराष्ट्र विद्यापीठ असहकाराच्या लाटेत, १९२१ मध्ये निघालेलं.

पण अनुदान नाकारणं सोपं, चालवणं कठीण. जामियाला पैसा यायचा तो खिलाफत चळवळीकडून, म्हणजे तुर्कस्तानच्या खलिफाचं पद टिकावं म्हणून इथल्या मुसलमानांनी उभारलेल्या चळवळीकडून. १९२४ मध्ये तुर्कस्तानने खिलाफतच रद्द केली आणि तो झरा आटला. जामियाचे पहिले कुलपती हकीम अजमल खान यांनी संस्था १९२५ मध्ये दिल्लीला करोल बागेत आणली आणि जमेल तसा खर्च भागवला. १९२७ च्या अखेरीस तेही गेले. तेव्हा झाकिर हुसेन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी शपथ घेतली: वीस वर्षं इथेच शिकवू आणि महिन्याला दीडशे रुपयांपेक्षा जास्त घेणार नाही. त्यांतली काही माणसं तर जर्मनीत शिकून आलेली होती. मला जामियाच्या इतिहासात याहून मोठं काही दिसत नाही. १९३५ मध्ये ओखल्याच्या इमारतीची पायाभरणी झाली, तीही तिथल्या सर्वांत लहान विद्यार्थ्याच्या हातून.

अलीगढ पहिल्या दिवसापासून कायद्याने स्थापन झालेलं विद्यापीठ. जामियाला केंद्रीय विद्यापीठाचा दर्जा मिळायला १९८८ उजाडलं.

फाळणीनंतर अलीगढवर संशयाची छाया होती. त्या दिवसांत, १९४८ मध्ये, तिथले कुलगुरू म्हणून गेले झाकिर हुसेन, १९२० साली अनुदानाच्या प्रश्नावरून तेच कॉलेज सोडून बाहेर पडलेले. पुढे ते राष्ट्रपती झाले. सर सय्यद यांची कबर अलीगढच्या विद्यापीठातल्या मशिदीत आहे, झाकिर हुसेन यांची जामियाच्या आवारात.