स्वे बार आणि स्ट्रट बार: एक पीळ खातो, दुसरा नुसता धरून बसतो

मागच्या महिन्यात न्यू जर्सीतल्या एका मित्राचा रात्री अकराला मेसेज, "बार आला रे, शनिवारी लावू, आता गाडी झुकायची बंद." खाली फोटो. फोटोत लाल रंगाची अॅल्युमिनियमची नळी, दोन्ही टोकांना चपट्या प्लेटी आणि प्रत्येक प्लेटीला तीन-तीन भोकं. मी म्हटलं अरे हा स्ट्रट बार आहे, तुला स्वे बार पाहिजे होता ना? तर म्हणे बार तो बार, दोन्ही चाकांच्या मधेच लागतो ना. आणि त्याची तरी काय चूक म्हणा, ज्या दुकानातून घेतला तिथे वर्णनातच लिहिलं होतं की बॉडी रोल, म्हणजे वळणावर गाडीचं झुकणं, कमी होतो.

गाडी आहे २०१३ ची सुबारू बीआरझेड, टोयोटा ८६ ची जुळी बहीण, अमेरिकेत टोयोटावाले तेव्हा सायन एफआर-एस नावाने विकायचे. गाडी हलकी, साधारण साडेबाराशे किलो, मागच्या चाकांवर चालणारी, वळणांसाठीच जन्माला आलेली. तरी जर्सीच्या त्या गोल फिरवणाऱ्या जगहँडल रॅम्पवर जरा जोरात घातली की अंग टाकते, म्हणून याला बार हवा होता.

तर आधी नावांचा घोळ. स्वे बार, अँटी रोल बार, स्टॅबिलायझर बार ही सगळी एकाच वस्तूची नावं. पुण्यात आमच्या मारुती ८०० च्या वेळी गॅरेजवाले काका त्यालाच जंपिंग रॉड म्हणायचे, "जंपिंग रॉडचे बुश (रॉडला धरणारे रबर) गेलेत" हे वाक्य दर पावसाळ्यानंतर ठरलेलं. (८०० मधे तो रॉड जरा जास्तच कामाचा होता, चाक धरणाऱ्या खालच्या आर्मला पुढेमागे धरून ठेवायचं कामही तोच करायचा, त्यामुळे बुश झिजले की गाडी नुसती खडखडायची नाही तर ब्रेकला थोडी ओढायची पण.) दुसरीकडे स्ट्रट बार, टॉवर बार, स्ट्रट ब्रेस ही दुसऱ्या वस्तूची नावं. बॉनेट उघडल्यावर दिसतो तो स्ट्रट बार, स्वे बार बघायचा तर गाडीखाली झोपावं लागतं. एवढं जरी लक्षात ठेवलं असतं तरी मित्राचे पैसे वाचले असते.

काम कसं वेगळं आहे ते बघायला कपड्याचा तारेचा हँगर घ्या, तो वाकवून इंग्रजी यू सारखा करा, मधली दांडी टेबलावर कुणाला तरी सैल धरायला सांगा आणि दोन्ही टोकं तुमच्या हातात. आता दोन्ही टोकं एकदम वर उचला, काही जोर लागत नाही, दांडी नुसती फिरते. एकच टोक उचला आणि दुसरं दाबून धरा, लगेच तार पीळ खाते आणि विरोध करते. स्वे बार म्हणजे अगदी हेच. मधली दांडी रबरी बुशमधून गाडीला धरलेली आणि दोन टोकं लिंकने, म्हणजे छोट्या जोडदांड्यांनी, डाव्या-उजव्या सस्पेन्शनला जोडलेली. स्पीड ब्रेकरवर दोन्ही चाकं सारखीच वर जातात, तेव्हा बार काहीच करत नाही. वळणावर बाहेरचं चाक आत दबतं आणि आतलं सुटतं, तेव्हा बार पीळ खातो आणि गाडीला सरळ ठेवायला बघतो. आणि एकच चाक खड्ड्यात गेलं की तो धक्का दुसऱ्या चाकालाही पोचवतो, हा त्याचा त्रास. जाड बार लावून हिवाळ्यानंतरच्या जर्सीच्या रस्त्यांवर फिरलात की हा त्रास म्हणजे काय ते विचारायची गरज राहत नाही.

स्ट्रट बारला यातलं काहीच येत नाही. स्ट्रट म्हणजे स्प्रिंग आणि शॉक अॅब्सॉर्बर एकत्र असलेला खांब, आणि तो बॉडीत जिथे वर बसतो तो स्ट्रट टॉवर. हा बार दोन टॉवरच्या डोक्यांना बोल्टने घट्ट बसतो, म्हणजे बॉडीच्या दोन भागांना. चाक वर जावो खाली जावो, त्याला पत्ताच नाही. वळणावर जोर आला की बॉडीचा पत्रा सूक्ष्म लवतो आणि टॉवर जरासे हलतात, त्याने चाकाचा कोन बदलतो, ते लवणं कमी करायचं एवढंच त्याचं काम. जुन्या, मोठ्या इंजिन बेच्या मऊ गाड्यांमधे स्टिअरिंग फिरवताक्षणी फरक जाणवतो. पण बीआरझेडमधे कंपनीनेच दोन्ही टॉवरपासून फायरवॉलपर्यंत (इंजिन आणि केबिनमधली भिंत) तिरके ब्रेस, म्हणजे आधाराच्या दांड्या, दिलेत, तिथे वरून अजून एक लाल नळी टाकून काय मिळणार? माझ्या मते या गाडीत तो बॉनेट उघडल्यावर मिरवायचा दागिना आहे. आणि इंजिन चुकवायला मधे वाकवलेला बार असेल तर अजूनच कमी, कारण जोर आला की तो वाकलेल्या जागीच लवतो.

आता ज्याच्यावर सगळ्यात जास्त भांडणं होतात तो मुद्दा. लोकांना वाटतं स्वे बार लावला की वजन बाहेरच्या चाकांवर कमी जातं. नाही जात. जरा हिशोब करू. गाडी आणि ड्रायव्हर मिळून १३२५ किलो धरा, गुरुत्वमध्य जमिनीपासून ४६० मिमी (हाच तर या गाडीचा मोठा अभिमान), डाव्या-उजव्या चाकांतलं अंतर साधारण १.५३ मीटर. ०.९ जीच्या (गुरुत्वाकर्षणाच्या ०.९ पट जोराच्या) वळणावर आतल्या चाकांवरून बाहेरच्या चाकांवर सरकणारं वजन साधारण ३६० किलो. या हिशोबात बार कुठे आला? कुठेच नाही. मऊ बार लावा, जाड लावा, पुढचा-मागचा दोन्ही काढून टाका, ते ३६० किलो जवळपास तेवढेच राहतात. बार दोनच गोष्टी बदलतो. एक, गाडी किती झुकते. दोन, त्या ३६० किलोंपैकी किती पुढच्या दोन टायरांमधे सरकणार आणि किती मागच्या दोघांमधे. ज्या एक्सलचा (पुढच्या किंवा मागच्या चाकांच्या जोडीचा) बार जाड, तिथे सरकणं जास्त, आणि सरकणं जास्त झालं की त्या एक्सलची एकूण पकड कमी होते, कारण टायरवर दुप्पट वजन टाकलं म्हणून तो दुप्पट पकड देत नाही. म्हणून नुसता पुढचा जाड केला तर स्टिअरिंग वळवूनही नाक वळणाबाहेर जायला लागतं, नुसता मागचा जाड केला तर शेपूट फिरायला बघते. झुकणं कमी झालं म्हणजे पकड वाढली असं नाही, हे मित्राला पटवायला मला अर्धा तास आणि दोन हँगर लागले.

मग तो म्हणाला, सगळे तर सांगतात आधी मागचा बार बदल. सगळे म्हणजे कोण, तर त्याच्या ऑफिसातले दोन होंडा सिव्हिकवाले. तिथेच घोळ आहे. सिव्हिक पुढच्या चाकांवर चालते, तिचं नाक मुळातच बाहेर जातं, आणि मागच्या चाकाला ताकद पोचवायची नसल्यामुळे वळणावर मागचं आतलं चाक हवेत गेलं तरी कुणाचं काही बिघडत नाही. बीआरझेडला तेच औषध दिलं तर? मागचा बार फार कडक झाला की वळणातून बाहेर पडताना मागचं आतलं चाक हलकं होतं, आणि या गाडीत टॉर्सन डिफरन्शियल (मागच्या दोन चाकांत ताकद वाटणारा गिअरचा डबा) आहे, त्याला दोन्ही चाकांवर थोडा तरी भार लागतो, एक चाक अधांतरी झालं की तो जास्त काही करू शकत नाही, ते चाक नुसतं फिरत बसतं. शिवाय पावसात, ओल्या पानांवर, रॅम्पवर अॅक्सिलरेटरवरून पाय काढला तर शेपूट कधी निघेल ते सांगता येत नाही. मागचा बार वाईट असं नाही, पण एखादा मिमी पुरे.

पुढच्या बारचं प्रकरण त्याहून मजेशीर आहे. कागदावर बघितलं तर पुढचा जाड केला की नाक बाहेर जायला हवं, बरोबर? पण या गाडीला पुढे मॅकफर्सन स्ट्रट आहेत, आणि त्यांची खोड अशी की गाडी झुकली की बाहेरच्या टायरचा वरचा भाग बाहेर कलतो आणि टायर आपल्या बाहेरच्या कडेवर उभा राहतो. फॅक्टरीतून पुढे कॅम्बर (टायर वरच्या बाजूने आत कललेला ठेवणं) अगदी नावापुरता, त्यामुळे हे कडेवर उभं राहणं लवकर येतं. पुढचा बार जाड केला की झुकणं कमी, टायर सपाट, आणि तिथे मिळालेली पकड सरकलेल्या वजनाने गेलेल्या पकडीपेक्षा जास्त भरू शकते. वर मागचं आतलं चाकही जमिनीवर टिकतं. ज्यांनी कॅम्बर बोल्ट किंवा प्लेटी लावून आधीच भरपूर कॅम्बर काढलाय त्यांना हा फायदा कमी.

मित्राच्या बाबतीत निवड अजून सोपी झाली. तो उन्हाळ्यात रविवारी रिकाम्या पार्किंग लॉटमधे प्लास्टिकचे शंकू मांडून, वेळ मोजत होणाऱ्या ऑटोक्रॉसला जातो, आणि एससीसीएच्या (अमेरिकेतली हौशी रेसिंगची संस्था) स्ट्रीट कॅटेगरीत पुढचा किंवा मागचा, एकच बार बदलायची परवानगी आहे. एकच तर एक, पुढचाच.

किती जाड? इथे लोक फसतात, कारण आकडे छोटे दिसतात. ओरिजिनल पुढे १८ मिमी, मागे १४. १८ चा २० केला तर दोन मिमीने काय होणार असं वाटतं, पण कडकपणा जाडीच्या चौथ्या घाताने वाढतो, त्यामुळे १८ वरून २० म्हणजे साधारण ५२ टक्के जास्त. १८ वरून २२ केलात तर सव्वादोन पट. मागे १४ वरून १६ म्हणजे ७० टक्के, बघा, तेच दोन मिमी पण मूळ बार बारीक असल्यामुळे उडी मोठी. अर्थात झुकणं ५२ टक्के कमी होत नाही हां, कारण झुकणं अडवण्यात स्प्रिंगांचा वाटा असतोच, बार फक्त त्यात भर घालतो.

पोकळ बार बघून घाबरू नका. पीळ अडवायचं काम मुख्यतः बाहेरची कडा करते, पोटातलं लोखंड फुकट वजन. २५ मिमीचा बार तीन मिमी भिंतीचा पोकळ केला तर वजन भरीव बारच्या ४२ टक्के आणि कडकपणा तरी ६७ टक्के. म्हणून पोकळ २२ आणि भरीव २२ एकाच मापाचे समजून तुलना करू नका. आणि टोकाला दोन-तीन भोकं असलेला अॅडजस्टेबल बार मिळत असेल तर थोडे जास्त पैसे गेले तरी तोच घ्या. लिंक आतल्या भोकात लावली की आर्म (बारचं वळवलेलं टोक) आखूड, बार कडक. बाहेरच्यात लावली की मऊ. आर्म २५० चा २३० मिमी झाला तरी अठरा टक्के फरक पडतो. आधी सगळ्यात मऊ भोकात लावा, महिनाभर चालवा, मग ठरवा.

शनिवारी शेवटी २० मिमीचा पुढचा बार लावला. एक चूक सगळे करतात ती आम्हीही केली, एकच बाजू जॅकवर घेतली. मग बार आधीच पीळ खाऊन बसतो आणि लिंकचा बोल्ट काही केल्या निघत नाही. दोन्ही चाकं वर घेतली, स्टँडवर ठेवली, की बोल्ट हाताने सरकतो. त्यातून दहा हिवाळ्यांचं, बर्फासाठी रस्त्यावर टाकलेलं मीठ खाल्लेली लिंक, नट फिरवला की आतला स्टडच फिरतो, मग त्याच्या टोकाला अॅलन की घालून धरायचा आणि नटाला स्पॅनर. एक सुटला, दुसरा कापला. नवीन बुश पॉलियुरेथेनचे असतात, त्यांना सोबत आलेलं ग्रीस आतून नीट चोपडा, नाहीतर पंधरा दिवसांत प्रत्येक ड्राइव्हवेवर जुन्या पलंगासारखं कुरकुरतं. लिंक लांबीला कमीजास्त होणाऱ्या असतील तर शेवटची घट्ट करताना गाडी सपाट जमिनीवर चाकांवर उभी हवी आणि ड्रायव्हरच्या सीटवर कुणीतरी बसलेलं हवं, नाहीतर सरळ रस्त्यावरही बार अर्धवट पीळ खाल्लेला राहतो आणि गाडी डावीकडे वेगळी, उजवीकडे वेगळी वागते. मित्राच्या बायकोला त्यासाठी वीस मिनिटं सीटवर बसवलं, तिने आत एक अख्खा फोन कॉल संपवला.

फरक पडला. जगहँडलवर आता नाक लगेच वळतं आणि गाडी एकदा जेवढी कलायची तेवढी कलून थांबते, मधेच अजून खाली बसत नाही. एका चाकाखाली खड्डा आला की मात्र सगळी गाडी डोलते, हे त्याला आवडलेलं नाही. खरं सांगायचं तर या पैशात आधी टायर बदलायला हवे होते असं मी अजून म्हणतो, कंपनीचे २१५ मापाचे मिशेलिन प्रायमसी म्हणजे मायलेजवाले टायर, पण त्याच्याकडे चांगले समर टायर आधीच होते म्हणून गप्प बसलो.

लाल नळी परत पाठवायची तर दुकानवाले रीस्टॉकिंगचे पैसे कापणार होते, वर कुरिअर त्याचं. म्हणून ती गॅरेजच्या भिंतीला दोन खिळ्यांवर आडवी टांगली आहे आणि तिच्यावर सध्या वहिनींचे बागकामाचे ग्लोव्हज वाळत असतात.